राखाडी भिंत स्वयंपाकघरात नको



आज जरा भांडायचं ठरवून बसले आहे. भांडण रंगाशी आहे. सध्या आपल्या समाजातल्या ज्या ज्या नव्या फ्लॅटच्या वास्तूला जाते, तिथे एक तरी भिंत गडद राखाडी असतेच. दुकानदार त्याला चारकोल ग्रे म्हणतात. हॉलमध्ये असते तोवर मी गप्प बसते. पण आता तो रंग स्वयंपाकघरात शिरलाय, ओट्याच्या मागे आणि जेवणाच्या टेबलाशेजारी. तिथे मात्र मला गप्प बसवत नाही, कारण त्या भिंतीमुळे माझ्या हातून जे झालं ते मी विसरू शकत नाही.

मुलाने पुण्यात फ्लॅट घेतला. रंग, फर्निचर सगळं डिझायनरकडे दिलेलं. आषाढात चातुर्मास सुरू होताना मी तिकडे गेले होते. रविवार होता, बाहेर पाऊस, आभाळ भरलेलं. त्यांचं स्वयंपाकघर उत्तरेकडे, पुढे ड्राय बाल्कनी आणि तिच्यापुढे शेजारची इमारत. ओट्यामागे तीन फूट टाइल्स आणि त्यांच्या वर सरळ छतापर्यंत चारकोल ग्रे. सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची म्हणून माझी घाई चाललेली. गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवताना भिंतीला हात चिकट लागला. कुणीतरी गुळाचा हात लावला असेल म्हणून मी ओलं फडकं घेतलं आणि वरपासून खालपर्यंत एक हात मारला. फडकं धुवायला नळाखाली धरलं तेव्हा दिसलं. पांढऱ्या फडक्यावर काळ्या मुंग्या. किती होत्या ते मोजलं नाही, मोजवलं नाही. टाइल्सच्या सांध्यातून निघून गुळाच्या डब्यापर्यंत त्यांची रांग लागली होती आणि त्या काळपट भिंतीवर ती मला अजिबात दिसली नव्हती.

सूनबाई म्हणाली, "आई, जाऊ दे, तुम्ही मुद्दाम नाही केलंत." तिने चांगल्या मनानेच म्हटलं. पण आपल्याकडे "मुद्दाम नाही केलं" एवढ्यावर विषय संपत नाही, हे लहानपणी पाठशाळेतच शिकवलेलं असतं. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडलेली आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. मुंगी तीन इंद्रियांचा जीव. गृहस्थाला घरकामातली आरंभी हिंसा पूर्ण टाळता येत नाही हे मान्य. पण ती टळत नाही म्हणून माफ आहे, असं कुणी सांगितलेलं नाही. जेवढी टाळता येईल तेवढी टाळायची, त्यासाठी आधी बघायचं आणि मग हात लावायचा. मी बघितलं नाही ही माझी चूक. पण ज्या भिंतीवर बघूनही दिसत नाही, ती भिंत आपण पैसे मोजून करून घेतो, ती चूक कुणाची?

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या खोलीत अन्न शिजतं, निवडलं जातं आणि खाल्लं जातं, त्या खोलीच्या भिंती उजळ हव्यात. पांढऱ्या, मोतिया, फिकट पिवळ्या, काहीही चालेल. गडद राखाडी नको.

आता हे वाचून काही जणी लगेच मान डोलावतील आणि म्हणतील, "बरोबर आहे ताई, राखाडी म्हणजे कपोत लेश्या!" हा मेसेज माझ्या मोबाइलवर तीन वेगवेगळ्या महिला मंडळांतून आला आहे. राखाडी भिंत म्हणजे कपोत लेश्या, घरात अशुभ, कलह होतो, लगेच पांढरा रंग द्या म्हणजे शुक्ल लेश्या येईल. आधी त्यांच्याशीच भांडते. त्या माझ्या बाजूच्या आहेत असं वाटतं, पण माझी बाजू त्यांच्यामुळेच हास्यास्पद होते.

कपोत म्हणजे कबूतर, म्हणून तो रंग राखाडी, इथपर्यंत खरं. कृष्ण, नील, कपोत या तीन अशुभ आणि पीत, पद्म, शुक्ल या तीन शुभ, हेही खरं. पण लेश्या भिंतीला नसते, जीवाला असते. कषायांनी रंगलेली मन-वचन-कायेची प्रवृत्ती म्हणजे भावलेश्या. द्रव्यलेश्या म्हटलं तरी तो शरीराचा वर्ण, डब्यातल्या इमल्शनचा नव्हे. गोम्मटसाराच्या जीवकांडात सहा वाटसरूंचा दृष्टांत आहे, आपल्या सगळ्यांना पाठ आहे. फळांनी लगडलेलं झाड. एकाला ते मुळासकट उपटावंसं वाटतं, दुसऱ्याला खोडापासून तोडावंसं, तिसऱ्याला मोठी फांदी, चौथ्याला छोटी डहाळी. पाचवा फक्त फळं तोडू म्हणतो आणि सहावा खाली पडलेलीच फळं खाऊ म्हणतो. यात कुणाच्या घराला कोणता रंग होता हे कुठे आलंय?

आणि रंगच अशुभ म्हणायचा, तर श्रवणबेळगोळचे बाहुबली कोणत्या दगडात आहेत? साधारण 57 फुटांची ती मूर्ती राखाडी ग्रॅनाइटची. आपल्या कुंभोजच्या बाहुबलीची 28 फुटांची मूर्ती पांढऱ्या संगमरवराची. दोन्हीकडे मी गेले आहे, दोन्हीकडे डोकं टेकलं आहे. एका ठिकाणी भाव कमी पडला असं काही झालं नाही. वेरूळला 30 ते 34 क्रमांकाची आपली लेणी काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेली आहेत. आपल्या पंचरंगी ध्वजातला काळसर पट्टा तर साधू परमेष्ठींचा. तेव्हा कृपा करून लेश्येच्या नावाने कुणाच्या सुनेला घाबरवू नका. पांढऱ्या भिंतीच्या खोलीत बसून सुनेच्या घराबद्दल चार लोकांत टोचून बोलणारी सासू असेल, तर तिची त्या क्षणीची लेश्या कोणती, हे आधी तपासावं. त्या रविवारनंतर दोन दिवस मी फुगून बसले होते. मला स्वतःला ते तपासावं लागलं, म्हणून सांगते.

मग माझा आक्षेप नक्की कशाला? दिसण्याला. शुभ-अशुभाचा प्रश्नच नाही.

अहिंसाव्रताच्या पाच भावना आपण म्हणतो. वचनगुप्ती, मनोगुप्ती, ईर्यासमिती, आदाननिक्षेपण समिती आणि पाचवी आलोकितपानभोजन. पाचवीवर आपण फारसं थांबत नाही. तिचा अर्थ साधा आहे, प्रकाशात नीट बघून मगच खाणं-पिणं. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत रात्रीभोजनत्याग याच भावनेत येतो असं सांगितलं आहे. म्हणजे सूर्यास्ताआधी जेवण्यामागचं कारण घड्याळ नाही. डोळ्यांना दिसावं, हे कारण आहे. आता विचार करा. आपण घड्याळ अगदी काटेकोर पाळतो. दोन घटका आधी म्हणजे सूर्यास्ताच्या 48 मिनिटं आधी ताटं वाढली की व्रत पाळलं असं समाधान मानतो. पण ताट ठेवतो अशा खोलीत, जिथे भर दिवसा कोशिंबिरीत काय पडलं ते दिसत नाही. मग पाळलं ते काय?

डिसेंबरात पुण्याला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दोन घटका आधी म्हणजे पाच-सव्वापाच. त्या वेळी खिडकीतून येणारा उजेड आधीच मंद असतो. तो मंद उजेड परत खोलीत फेकायचा की गिळून टाकायचा, हे भिंत ठरवते.

माझं शिक्षण बी.कॉम.पर्यंतचं, म्हणून आकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. रंगाच्या धंद्यात प्रत्येक शेडला प्रकाश परत फेकण्याचा एक आकडा असतो, 0 ते 100 मध्ये. इंग्रजीत त्याला एलआरव्ही म्हणतात. पांढऱ्याच्या जवळच्या शेड 80 च्या वर असतात. चारकोल ग्रे 10 च्या आसपास किंवा त्याहून खाली. म्हणजे भिंतीवर पडलेल्या शंभर भाग उजेडातले नव्वद भाग भिंतच खाऊन टाकते. हा आकडा बऱ्याच कंपन्या शेडच्या माहितीत देतात. मुलाच्या डिझायनरला मी विचारलं, तर तो म्हणाला, "काकू, हे कुणी विचारत नाही." आपण विचारत नाही, म्हणून ते दाखवत नाहीत.

त्यात आपलं वय. साठीच्या डोळ्यांत, विशीतल्या डोळ्यांच्या मानाने, साधारण एक तृतीयांशच उजेड आत पोहोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं. घरात तांदूळ कोण निवडतं? डाळीतले किडे, पिठातली जाळी कोण बघतं? आपणच ना, साठी ओलांडलेल्या. आणि घर रंगवताना डोळे मात्र तिशीच्या मुलांचे धरतात.

आता समोरून येणारी उत्तरं. ती मी सगळी ऐकली आहेत.

पहिलं उत्तर मुलाचं. "आई, दिवे लाव ना. एलईडी आहेत, कितीसं बिल येतं?" हिशेब केला. 20 वॅटच्या दोन ट्यूब, दिवसा सहा तास जास्तीच्या जळल्या तर रोज पाव युनिटच्या आत. वर्षाला सुमारे 88 युनिट. 10 रुपये दर धरला तर 880 रुपये. खरंच मोठी रक्कम नाही, मुलगा बरोबर होता, मी तसं त्याला सांगितलंही. पण दिवा लावला की प्रश्न सुटत नाही. पावसाळ्यात संध्याकाळी दिवा लागला की खिडकीतून घुंगुरटी येतात, पहिल्या पावसानंतर पंख फुटलेल्या वाळवीची पाखरं येतात. ती दिव्याखाली फिरतात आणि खाली असलेल्या पातेल्यात पडतात. दिव्याखाली शिजवू नये, जेवू नये असं आजी सांगायची ते याच्यासाठी. भिंत गडद करून आपण दिवसाची रात्र करायची आणि मग दिवा लावून किडे बोलवायचे, यात शहाणपण कुठलं?

दुसरं उत्तर मैत्रिणींचं. पांढरी भिंत मळते. हळदीचे डाग, फोडणीचे शिंतोडे, पोरांचे हात. मळतेच. चाळीस वर्षं पुसते आहे, मला कोण सांगणार? पण मळ राखाडी भिंतीवरही तितकाच बसतो, फक्त दिसत नाही. मुंग्या त्या न दिसणाऱ्या गुळावर आणि तेलावरच आल्या होत्या. डाग दिसला की आपण त्याच दिवशी पुसतो, म्हणून तिथे जीव येतच नाहीत. जीव येऊच नयेत अशी स्वच्छता ठेवणं हीच पहिली जयणा. शिवाय गडद मॅट रंगावर पुसलेल्या जागेचे चकाकते चट्टे पडतात आणि भिंत ओरबाडली की पुट्टीची पांढरी रेघ उठून दिसते. म्हणजे मळ लपवायला घेतलेला रंगही तसा नीटनेटका राहत नाहीच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करते. पांढऱ्यावर सगळंच दिसतं असं नाही. जळमटं, पांढुरकी कसर, छोटा फिकट कोळी हे गडद भिंतीवर जास्त उठून दिसतात. पण स्वयंपाकघरात आपली रोजची गाठ पडते ती मुंग्यांशी, झुरळांशी, सोंड्यांशी. काळे, लाल, तपकिरी. ते उजळ भिंतीवरच दिसतात.

तिसरं उत्तर असं, की भिंतीचा रंग हा धर्माचा विषयच नाही, उगाच सगळीकडे धर्म आणू नका. हे म्हणणाऱ्या बायका शिकलेल्या आहेत, त्यांचं मी गंभीरपणे घेते. त्यांना माझा एक प्रश्न आहे. पाणी गाळायचं कापड हा धर्माचा विषय आहे का? कापड तर कापडच आहे. पण त्यातून जीव वाचतो म्हणून ते दुहेरी हवं, जाड हवं, हे आपण ठरवतो. केरसुणी मऊ हवी हेही ठरवतो. मग ज्या भिंतीसमोर उभं राहून आयुष्यभर शिजवायचं, तिच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही? आपल्या आया-आज्यांनी दर दिवाळीला चुन्याचा हात दिला. थोडी नीळ घालून. कुणी म्हणेल गरिबी होती, दुसरा रंग परवडत नव्हता. असेलही. पण त्या चुन्याच्या भिंतीत कोनाड्यातल्या डब्यामागची मुंगीसुद्धा आजीला चष्म्याशिवाय दिसायची.

आणि चौका विसरू नका. तुमच्या गावी मुनिराज आले, तुम्ही पडगाहन केलं, तर ते आहार घेणार उभ्याने, ओंजळीत, दिवसाच्या उजेडात, प्रत्येक घास शोधून. घासात जीव दिसला तर अंतराय. ज्या खोलीत तुम्हालाच पातेल्याचा तळ दिसत नाही, त्या खोलीत चौका लावाल का? नाही लावणार. हॉलमधल्या खिडकीजवळ लावाल. म्हणजे मनातून तुम्हालाही कळतं. मुनींसाठी जो उजेड आपण आवर्जून शोधतो, तो रोजच्या आपल्या ताटासाठी का नको?

आता पैशाची बाजू एकदा सांगून टाकते, कारण गडद रंग घेताना ती कुणी सांगत नाही. स्वयंपाकघरात टाइल्स, दार, खिडकी वजा जाता साधारण 200 चौरस फूट भिंत उरते. चांगल्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांना 120 ते 140 चौरस फूट जातो. म्हणजे दोन लिटरचं काम. उजळ रंगावर पुन्हा उजळ रंग द्यायचा तर दोन हातांत भागतं. पण चारकोलवरून पांढऱ्यावर यायचं तर आधी प्रायमर, मग दोनऐवजी तीन हात, रंगाऱ्याची मजुरी त्या मानाने वाढलेली. गडद रंग लावणं सोपं आहे, त्यातून बाहेर पडणं महाग.

तेव्हा रंग निवडताना शेडकार्डवरच्या बोटभर चौकोनावर जाऊ नका. दुकानातल्या पांढऱ्या झगमगाटात सगळंच छान दिसतं. दोन फूट बाय दोन फुटाचा पुठ्ठा किंवा प्लाय घ्या, त्यावर रंग लावा आणि तो ओट्यामागे दोन दिवस टेकवून ठेवा. मग माझी परीक्षा करा. दुपारी चार वाजता सगळे दिवे बंद करा. ताटात वाटीभर तांदूळ घ्या आणि निवडायला बसा. खडा, सोंडा, दाण्यावरचं भोक दिसलं तर रंग पास. पुठ्ठा एका भिंतीपुरता आहे, खोलीभर तो रंग लागल्यावर अंधार आणखी वाढेल, हेही धरून चाला. आणि चातुर्मासात रंगकाम काढू नका. भिंती दमट असतात, रंग धड वाळत नाही आणि त्या दिवसांत सांध्यासांध्यांत जीवांची उत्पत्तीही जास्त. काम काढण्यापूर्वी जळमटं मऊ कुंच्याने हळूच उतरवून बाहेर सोडा, मगच रंगाऱ्याच्या हातात पॉलिश पेपर द्या.

हॉलची भिंत राखाडी करायची हौस असेल तर करा. मुलांची झोपायची खोली त्यांची आहे, तिथे सासूने बोलू नये. मी सगळं घर पांढरं करा म्हणत नाही. ओट्यामागची भिंत, जेवणाच्या टेबलाजवळची भिंत आणि स्वाध्यायाचा कोपरा, एवढ्या तीन जागा मागते.

पुण्याला तिसऱ्या दिवशी माझा फुगा उतरला, तेव्हा मी सूनबाईला उपदेश केला नाही. फक्त म्हटलं, "अगं, चार वाजता दिवे न लावता एवढे तांदूळ निवडून देतेस का?" ती बसली. पाच मिनिटांनी ताट उचलून बाल्कनीत गेली आणि तिथे उभं राहून निवडायला लागली. आत आल्यावर स्वतःच म्हणाली, "आई, ओट्यामागची आणि टेबलाजवळची भिंत बदलू या. हॉलची मात्र राहू दे, मला ती आवडते." मी म्हटलं, राहू दे. दिवाळीच्या आधी रंगारी आला. प्रायमर आणि तीन हात मोतिया. खर्च झाला, मुलगा थोडा कुरकुरला.

कार्तिकात पुन्हा गेले तेव्हा ओट्यामागे मुंग्यांची रांग पुन्हा होती. पण या वेळी ती दारातूनच दिसली. सूनबाईने गुळाचा डबा उचलून बाल्कनीत ठेवला, वाट बघितली आणि तासाभराने भिंत मोकळी झाल्यावर फडकं घेतलं.

फडकं पांढरंच होतं, पांढरंच राहिलं.

जय जिनेंद्र.